भंगार पितळ, निर्वात भट्टी आणि कोकणची दमट हवा : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, मिरजोळे औद्योगिक वसाहत, रत्नागिरी

परवापासून मासेमारीबंदी सुरू झाली असून मिरकरवाडा बंदरातील यांत्रिक नौका ओढून शाकारण्याची कामे चालू आहेत. ३१ जुलैपर्यंतच्या या काळात नौकांचे पंखे उतरवले जातात, दुरुस्तीपलीकडे गेलेले बदलले जातात आणि वर्षभरात मिळत नाही इतका तांबेयुक्त भंगार एकदम बाजारात येतो. आमच्या प्रकल्पाचा कच्चा माल हाच आहे.

पंख्यांच्या या धातूला व्यापारात ‘मँगनीज ब्राँझ’ म्हणतात. प्रत्यक्षात ते ताकदीचे पितळच असते: तांबे साठ टक्क्यांच्या आतबाहेर, जस्त चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेल्यात थोडे लोह, मँगनीज, अॅल्युमिनियम व कधी कथील. आज आणलेल्या एका पंख्याच्या पात्याची कड पाहण्यासारखी होती. पाते मधोमध पिवळे होते, परंतु कडेकडे येताना रंग गुलाबी होत गेला होता. आमचे ज्येष्ठ ओतारी, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी त्या गुलाबी भागावर कानस टेकवून जरा दाब दिला, तेव्हा धातूचा कीस निघण्याऐवजी त्याचा भुगाच पडला. खाऱ्या पाण्याने जस्त खाऊन टाकले होते आणि मागे सच्छिद्र तांब्याचा सांगाडा राहिला होता. असा धातू पुन्हा वितळवून त्याचाच पंखा ओतला तर तोही पुढे याच मार्गाने जाणार.

प्रकल्पाचे उद्दिष्ट असे: हे पितळ निर्वातात वितळवून त्यातील जस्त वाफेच्या रूपाने वेगळे काढणे, ते धातू म्हणूनच पुन्हा गोठवून परत मिळवणे, आणि मुशीत उरणारे तांबे समुद्राच्या पाण्यात टिकेल अशा मिश्रधातूसाठी वापरणे. उघड्या भट्टीत जस्त उडते तेव्हा हवेत लगेच जळते, त्याचा पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेलेल्या माणसाला रात्री थंडी वाजून ताप भरतो. धातूही जातो आणि माणसालाही त्रास होतो. म्हणूनच हे काम बंद पात्रात करावयाचे आहे.

११ जून

आजचा दिवस कागदावरच्या कामात गेला. निर्वातात काय निघते आणि काय निघत नाही, याचा निवाडा प्रत्येक धातूचा बाष्पदाब, म्हणजे ठरावीक तापमानाला त्याच्या वाफेचा दाब, करतो, त्यामुळे हे आकडे सगळ्यांच्या समोर असणे आवश्यक आहे.

एक पास्कल, म्हणजे ०.०१ मिलिबार, एवढा बाष्पदाब गाठण्यासाठी शुद्ध जस्ताला सुमारे ३३७ अंश सेल्सिअस तापमान पुरते, शिशाला सुमारे ७०५ अंश लागतात आणि मँगनीजला सुमारे ९५५. कथिलाला १,२२४ अंशांपर्यंत जावे लागते व तांब्याला १,२३६ अंशांपर्यंत. लोह आणि निकेल यांना अनुक्रमे सुमारे १,४५५ आणि १,५१० अंश लागतात. तांबे १,०८५ अंशांना वितळते. याचा अर्थ, तांब्याच्या रसातून जस्त व शिसे सहज काढता येतील आणि मँगनीज थोडेफार जाईल. कथील मात्र तांब्याच्या बरोबरीनेच उडते, त्यामुळे निर्वात त्यांना एकमेकांपासून वेगळे करू शकत नाही. लोह व निकेल तर तांबे उडाले तरी मुशीत बसून राहतील.

निर्वातात वितळवले की धातू आपोआप शुद्ध होतो, असा समज आमच्या परिसरातील काही कारखानदारांशी बोलताना आढळला. निर्वात फक्त उडू शकणाऱ्या गोष्टी नेतो. जे उडत नाही त्यासाठी वेगळा उपाय लागतो आणि कोणते आधी करावयाचे याचा क्रमही ठरवावा लागतो.

वाफेच्या रूपाने जस्त वेगळे करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगात वांग्याच्या आकाराच्या मातीच्या बंद भांड्यांत जस्ताचे खनिज तापवून त्याची वाफ खालच्या थंड भागात उतरवीत, आणि त्या भट्ट्यांचे अवशेष आजही तेथे आहेत. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे खनिजातून मुक्त होतानाच ते वाफ झालेले असते. हवा लागू न देता ती वाफ गोठवणे हाच त्या कारागिरांपुढचा प्रश्न होता आणि तोच आज आमच्यापुढे आहे.

२२ जून

पात्र जागेवर बसले. ते पोलादी, दुहेरी भिंतीचे असून दोन भिंतींच्या मधून पाणी फिरते. आतील जागा सुमारे १२० लिटर, मूस ग्रॅफाइटची, एका खेपेला ५ किलो पितळ मावेल एवढी. तापवण्यासाठी तांब्याच्या पोकळ नळीचे इंडक्शन वेटोळे आहे. हवा उपसण्यासाठी तेलावर चालणारा रोटरी पंप आणि त्याच्यामागे, स्वतंत्र झडपेने तोडता येईल असा, अधिक खोल निर्वातासाठीचा डिफ्यूजन पंप. दाब मोजण्यासाठी पिरानी गेज.

मूस ग्रॅफाइटची का, हे नोंदवून ठेवतो. वितळलेले तांबे कार्बन जवळजवळ विरघळवून घेत नाही, म्हणून ग्रॅफाइट चालते आणि पुढे प्राणवायू काढताना त्याचा उपयोगही होतो. निकेल किंवा लोह यांच्या रसात मात्र कार्बन सहज विरघळतो, त्यामुळे तेथे मॅग्नेशिया किंवा अॅल्युमिना यांची मूस घ्यावी लागते. त्या मुशीही निर्वातात पूर्णपणे तटस्थ राहत नाहीत. तापमान वाढवून दाब फार खाली नेला, तर रसातील कार्बन मॅग्नेशियातला प्राणवायू ओढून घेतो आणि मॅग्नेशियम वाफ होऊन निघून जाते. जर्मनीतील हानाऊ येथे विल्हेल्म रोन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकेलचे मिश्रधातू निर्वातात वितळवण्याचे काम उभे केले, तेव्हापासून मुशीची निवड हा या शास्त्राचा निम्मा भाग राहिला आहे.

वीज गेल्यास वेटोळ्यातील पाणी थांबता कामा नये, म्हणून छपरावर हजार लिटरची टाकी बसवून त्यातील पाणी आपोआप उतरेल अशी झडप लावली आहे. पावसाळ्यात येथे वीज जाणे गृहीतच धरावे लागते.

२ जुलै

पात्र रिकामे ठेवून निर्वात ओढण्याची चाचणी केली. पंपाच्या क्षमतेप्रमाणे अर्ध्या तासाच्या आत ०.०५ मिलिबारपर्यंत पोचायला हवे होते. दाब १ मिलिबारपर्यंत झटकन उतरला आणि नंतर तासन्‌तास ०.३ च्या आसपास घुटमळत राहिला. रोटरी पंपाच्या काचेतून तेल पाहिले तर ते दुधाळ झाले होते.

तेल दुधाळ झाले म्हणजे त्यात पाणी गेले. हे पाणी कोठून येते याचा हिशेब मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले. आज हवेचे तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे. अशा हवेतील वाफ एकूण १,०१३ मिलिबारपैकी सुमारे ३४ मिलिबार दाब भरते आणि तिचा दवबिंदू, म्हणजे दव धरू लागण्याचे तापमान, २६ अंशांच्या जरा वर असतो. आमच्या विहिरीचे पाणी २५ अंशांचे. तेच पाणी भिंतींमध्ये खेळत असताना दार उघडे होते, म्हणजे आतल्या भिंतीवर डोळ्यांना न दिसणारे दव सतत बसत होते.

आता या दवाचे मोल पाहू. एक ग्रॅम पाणी ०.०१ मिलिबार दाबाला वाफ होऊन पसरले, तर त्याचे आकारमान सुमारे १ लाख ३५ हजार लिटर होते. आमचा पंप तासाला ४० घनमीटर उपसतो, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालला तरी चमचाभरापेक्षा कितीतरी कमी असलेले हे एक ग्रॅम पाणी काढायला त्याला तीन तासांहून अधिक वेळ लागेल. भिंती, मुशीचे सच्छिद्र ग्रॅफाइट आणि वेटोळ्यावरचे लेपण यांत कितीतरी ग्रॅम पाणी बसू शकते.

कोरड्या प्रदेशातील भट्ट्यांसाठी लिहिलेल्या कार्यपद्धती आम्ही वाचल्या आहेत. त्यांत पंपांविषयी पुष्कळ आणि पाण्याविषयी थोडे लिहिलेले असते. जुलैतल्या रत्नागिरीत हा क्रम उलटा धरावा लागेल. पाणी ही येथे पहिली अशुद्धी आहे, आणि धातूतील कोणत्याही अशुद्धीला हात घालण्याआधी ती काढली पाहिजे. त्यासाठी आजपासून पुढील व्यवस्था केली. दार उघडण्याआधी भिंतींमधील थंड पाणी बंद करून ४५ अंशांचे गरम पाणी फिरवावयाचे आणि दार लावून निम्मा निर्वात होईपर्यंत ते चालू ठेवावयाचे. पात्रात हवा सोडण्याऐवजी कोरडा नायट्रोजन सोडावयाचा. दार उघडे राहण्याचा वेळ शक्य तितका कमी ठेवावयाचा. पंप सुरुवातीला गॅस-बॅलास्ट झडप उघडी ठेवून चालवावयाचा, म्हणजे वाफ पंपाच्या आत गोठून तेलात मिसळणार नाही.

९ जुलै

गरम पाण्याच्या व्यवस्थेनंतर ०.०५ मिलिबार पाऊण तासात आले. तरीही गळती आहे की नाही हे वेगळे तपासणे गरजेचे होते, कारण गळती आणि भिंतींतून सुटणारी वाफ यांचा परिणाम गेजवर सारखाच दिसतो. दोन्हींतील फरक कळण्याची सोपी रीत अशी: पंपाकडील झडप बंद करावी आणि दाब कसा वाढतो ते पाहात राहावे. गळती असल्यास तो सारख्या गतीने वाढत राहतो, आणि आतूनच वाफ सुटत असल्यास आधी भरभर वाढून नंतर मंदावतो.

आज दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या. मंदावल्यानंतरची सरळ वाढ दहा मिनिटांत ०.०३ मिलिबार एवढी होती. १२० लिटरच्या पात्राला हे प्रमाण सेकंदाला ०.००६ मिलिबार-लिटर पडते. तासाभरात आत येणारी हवा सुमारे २५ मिलिग्रॅम आणि तिच्यातील प्राणवायू सुमारे ६ मिलिग्रॅम. मुशीत शेवटी ३ किलो तांबे उरणार आहे, असे धरल्यास हे प्रमाण तासाला दहा लाख भागांत दोन भाग एवढेच होते. दाराच्या ओ-रिंगवरील खारट पुटे पुसून ग्रीस लावले आणि गळतीचा पाठपुरावा येथेच थांबवला. याहून घट्ट पात्र करण्यात आठवडे घालवण्यापेक्षा तेवढे कष्ट मालाच्या तयारीवर करणे फायद्याचे आहे.

१८ जुलै

मालाची तयारी. पंखे चार-पाच सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापले, काकणांचे, म्हणजे नौकेला चिकटणाऱ्या समुद्री जीवांचे, कवच आणि शेवाळ तारेच्या ब्रशने काढले, आणि गोड्या पाण्यात दोन दिवस बुडवून, पाणी बदलून, मीठ धुऊन घेतले. मिठाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ते ८०१ अंशांना वितळते, त्यापुढे निर्वातात उडते आणि थंड भिंतीवर जाऊन बसते, मग दार उघडताच हवेतील पाणी शोषून घेऊन पुढच्या खेपेला तेच पाणी पात्रात परत देते. जस्ताबरोबर मीठ गोठले तर जस्तही खराब होते. धुतलेले तुकडे शेवटी २०० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवले, आणि गरम असतानाच मुशीत भरावयाचे असा नियम केला.

ज्या तुकड्यांचा पूर्ण भुगा होत होता ते वेगळे ठेवले. सच्छिद्र तांब्यात अडकलेले खारे पाणी धुऊन निघत नाही.

२४ जुलै

पहिल्यांदा माल वितळवला. ०.५ मिलिबारच्या सुमारास शक्ती वाढवताच वेटोळ्याभोवती जांभळट प्रकाशाचे वलय दिसू लागले आणि वीजपुरवठ्याच्या संचाने आपोआप काम थांबवले. उरलेला विरळ वायू वेटोळ्याच्या विद्युतदाबाने आयनित होतो, तेव्हा हे घडते. दाब खूप जास्त किंवा खूप कमी असेल तर हा धोका कमी असतो. काही दशांश मिलिबारपासून काही मिलिबारपर्यंतचा मधला पट्टा मात्र सर्वांत वाईट, आणि जस्ताची वाफ त्यात भर घालते. म्हणून निर्वात भट्ट्यांची वेटोळी कमी विद्युतदाबावर आणि जास्त विद्युतप्रवाहावर चालवतात. ट्रान्स्फॉर्मरची जोडणी त्याप्रमाणे बदलून घेत आहोत, आणि या पट्ट्यातून जाताना शक्ती कमी ठेवण्याचे ठरवले आहे.

६ ऑगस्ट

बंदी उठून नौका समुद्रात गेल्या आहेत. आमच्याकडील माल डिसेंबरपर्यंत पुरेल.

आजची खेप सविस्तर लिहितो, कारण पद्धतीचा गाभा यातच आहे. ५ किलो माल भरला, ०.०५ मिलिबारपर्यंत निर्वात ओढून सर्व काही ६०० अंशांपर्यंत हळूहळू तापवले, म्हणजे उरलेले पाणी निघून गेले. यापुढे थेट निर्वातात वितळवणे योग्य नाही. चाळीस टक्के जस्त असलेल्या पितळेवरील जस्ताच्या वाफेचा दाब ९५० अंशांना काही शे मिलिबार असतो, आणि त्या स्थितीत वरचा दाब काढून घेतला तर रस खदखदून मुशीबाहेर उडतो. म्हणून पात्रात ५०० मिलिबारपर्यंत आर्गॉन भरला, माल वितळवला, आणि नंतर आर्गॉनचा दाब अगदी सावकाश उतरवत नेला. रसाचा पृष्ठभाग थरथरू लागला की उतरवणे थांबवावयाचे आणि शांत झाला की पुढे जावयाचे, हे निरीक्षण काकांनी झरोक्यातून सतत केले. चाळीस वर्षे उघड्या भट्टीवर घालवलेल्या माणसाची नजर कोणत्याही गेजपेक्षा आधी सांगते.

पिरानी गेज हवेसाठी जुळवलेले असते आणि आर्गॉनमध्ये ते खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते, हे नोंदीचे आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

दाब १०० मिलिबारच्या खाली गेल्यावर रसावर अचानक साय धरू लागली. तापमान तेवढेच होते, परंतु रस बदलला होता. साठ-चाळीसचे पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळते, आणि जस्त जसजसे निघून जाते तसतसा वितळबिंदू १,०८५ अंशांकडे चढत जातो. शिवाय बाष्पीभवन स्वतःच उष्णता ओढून घेते. एक किलो जस्त वाफ व्हायला सुमारे १.८ मेगाज्यूल लागतात, म्हणजे आमच्या खेपेतील १.९ किलो जस्ताला जवळपास एक युनिट वीज केवळ वाफ होण्यासाठीच द्यावी लागते, आणि ती उष्णता रसाच्या वरच्या थरातूनच जाते. म्हणून दाब उतरवण्याच्या बरोबरीने तापमान चढवत न्यावे लागते. ते १,१५० अंशांवर नेल्यावर साय विरघळली.

याव्यतिरिक्त एक पातळ, चिवट पापुद्रा अधूनमधून दिसत होता. तो अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा असावा. अशा पापुद्र्याखालून जस्त निघत नाही. इंडक्शनमुळे रस आतून ढवळला जातो आणि पापुद्रा फाटत राहतो, हा या भट्टीचा मोठा फायदा. साध्या विद्युत तापकावर हेच काम कितीतरी मंद झाले असते.

अखेरीस १,२०० अंशांवर दाब ०.१ मिलिबारपर्यंत नेऊन रस अर्धा तास तसाच ठेवला. जस्त काढताना डिफ्यूजन पंपाची झडप पूर्ण बंद होती. त्याच्या तेलात जस्त जाऊ द्यावयाचे नाही. रोटरी पंपाच्या तोंडाशीही गाळणी बसवली आहे.

८ ऑगस्ट

पात्र पूर्ण थंड झाल्यावर दार उघडले. मुशीवरील पोलादी टोपण पहिल्या टप्प्यात ४५० अंशांच्या वर राहिले होते, म्हणून तेथे जस्त द्रवरूपात गोठून ओघळले आणि ताटलीत त्याची चकाकती लगड तयार झाली. वरच्या थंड भिंतीवर मात्र वेगळेच दृश्य होते. तेथे जस्ताचे सहाकोनी, आरशासारखे चकचकीत पापुद्रे एकमेकांत रुतून बसले होते आणि नखाने ढकलले की खळकन पडत होते. जस्त ४१९.५ अंशांना वितळते आणि त्या तापमानाला त्याचा बाष्पदाब सुमारे ०.२ मिलिबार असतो. पात्रातील दाब त्याखाली गेला की वाफ द्रव न होता थेट घन होते, आणि असे स्फटिक तयार होतात.

आर्गॉन अधिक होता त्या काळातील काही वाफ वाटेतच गोठून निळसर राखाडी भुकटी झाली. ही भुकटी धोकादायक आहे. ती गरम असताना हवा सोडली तर पेटते, आणि ओली झाली तर हळूहळू हायड्रोजन सोडते. येथील हवेत ती उघडी ठेवणे म्हणजे धोका ओढवून घेणे. पात्र ५० अंशांच्या खाली आल्याशिवाय हवा सोडावयाची नाही, ती अगदी बारीक झडपेतून सोडावयाची, आणि भुकटी त्याच दिवशी कोरड्या डब्यात बंद करावयाची, असे लेखी नियम भट्टीच्या दारावर लावले.

४ सप्टेंबर

गणपतीसाठी कारखाना उद्यापासून बंद. ग्रॅफाइटचे सर्व भाग कोरड्या नायट्रोजनखाली पात्रातच ठेवून दार लावले आहे.

२४ सप्टेंबर

स्पेक्ट्रोमीटरवरील तपासणीचे अहवाल आले. जस्त एक टक्क्याच्या बरेच खाली आणि शिसे यंत्राला जेमतेम दिसेल इतके उरले आहे. मँगनीज निम्म्याहून कमी झाले. लोह आणि अॅल्युमिनियम अपेक्षेप्रमाणे होते तेवढेच राहिले, परंतु जस्त निघून गेल्यामुळे त्यांचे टक्केवारीतील प्रमाण वाढले. मूळ मालात एक टक्का असलेले लोह आता दीड टक्क्याच्या पुढे आहे. कथिलाचेही तेच.

शेवटचा एक टक्का जस्त काढायला आधीच्या तीस टक्क्यांइतकाच वेळ लागला, याचे कारण रसायनात आहे. जस्त तांब्याकडे ओढले जाते, आणि ते जितके विरळ होते तितके तांबे त्याला अधिक घट्ट धरून ठेवते, त्यामुळे नुसत्या प्रमाणावरून काढलेल्या हिशेबापेक्षा त्याचा बाष्पदाब कमी पडतो. शिशाचे उलट आहे. तांब्याला ते नकोसे असते, म्हणून थोडे उरले तरी पटकन उडते. शिशाच्या शुद्धीकरणात चांदी काढण्यासाठी घातलेले जस्तही शेवटी निर्वातातच काढतात, परंतु तेथील द्रावक शिसे असते आणि तेथे जस्त इतके चिकटून बसत नाही.

उथळ आणि रुंद मूस घेतली तर पृष्ठभाग वाढून हा वेळ कमी होईल. नवी मूस मागवली आहे.

१५ ऑक्टोबर

पावसाने माघार घेतली. याच पंपाने आता ०.०५ मिलिबार वीस मिनिटांत येते. हा बदल हवेने केलेला आहे.

आज वायूंचा विचार केला. द्रव तांब्यात हायड्रोजन घन तांब्याच्या अडीच-तीन पट विरघळतो, त्यामुळे धातू गोठताना तो बाहेर पडतो आणि ओतकामात बारीक छिद्रे राहतात. रसात प्राणवायूही असेल तर दोघे मिळून पाण्याची वाफ होते आणि छिद्रे आणखी वाढतात. विरघळलेल्या हायड्रोजनचे प्रमाण त्याच्या दाबाच्या वर्गमुळाशी जोडलेले असते, म्हणजे ते दहापट कमी करण्यासाठी दाब शंभरपट कमी करावा लागतो. पावसाळ्यात पाण्याशी केलेल्या झटापटीचा खरा उपयोग येथे आहे, कारण गरम धातूला लागलेली पाण्याची वाफ फुटून हायड्रोजनच रसात शिरतो.

प्राणवायू नुसत्या निर्वाताने निघत नाही. त्याला ग्रॅफाइटमधील कार्बनची जोड लागते. दोहोंचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि तो वायू सतत उपसला गेल्याने प्रक्रिया पुढे सरकत राहते. आता जस्त उरलेले नसल्याने डिफ्यूजन पंप उघडून दाब ०.००१ मिलिबारपर्यंत नेला. याहून खाली जाण्यात अर्थ नाही. १,१५० अंशांवर तांब्याचा स्वतःचा बाष्पदाब याच्याही पुढे गेलेला असतो, आणि तेथे रेंगाळलो तर तांबेच भिंतीवर जाऊन बसेल.

या लगडीचा छेद घेऊन घासून पाहिला. भिंगाखालीही छिद्र दिसले नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचे पहिले काम लोह काढण्याचे. काही तांबे उघड्या मुशीत वितळवून त्यात तांब्याचा ऑक्साइड, वाळू आणि टाकणखार घातला. लोह, मँगनीज आणि अॅल्युमिनियम तांब्याच्या आधी प्राणवायू घेतात आणि मळीत जातात. मळी काढून तोच धातू पुन्हा ग्रॅफाइटच्या मुशीत, निर्वातात वितळवला आणि आत राहिलेला प्राणवायू काढला. विद्युतवाहकता मोजली. आंतरराष्ट्रीय प्रमाण तांब्याची वाहकता शंभर धरतात, आणि त्या मापाने लोह असलेली लगड तीसच्या आत होती, तर लोह काढलेली ऐंशीच्या पुढे गेली. मधला उरलेला फरक मुख्यतः कथिलाचा.

विजेच्या तारेसाठी हे तांबे अपुरे आहे, आणि निर्वातात ते कितीही वेळ ठेवले तरी कथील जाणार नाही.

२१ नोव्हेंबर

गेल्या पंधरवड्यात जो विचार चालू होता तो लिहून काढतो. लोह काढण्यासाठी आम्ही एक उघडी वितळण, मळीबरोबर जाणारे तांबे आणि आणखी एक निर्वात खेप एवढा खर्च केला. तो कशासाठी, हे आधी ठरले पाहिजे.

समुद्राच्या पाण्यात टिकणाऱ्या पंख्यांसाठी जगभर निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ वापरतात. त्यात तांबे सुमारे ८० टक्के, अॅल्युमिनियम ९ ते १० टक्के आणि निकेल व लोह प्रत्येकी ४ ते ५ टक्के असते. जस्तच नसल्याने जस्त खाल्ले जाण्याचा प्रश्न तेथे येत नाही. या मिश्रधातूला नको असतात ती जस्त, शिसे आणि कथील. म्हणजे आमच्या लगडीत उरलेले लोह, अॅल्युमिनियम आणि थोडे मँगनीज त्याला हवेच आहेत, आणि निर्वाताने नेलेले जस्त व शिसे त्याला नकोच होते. आम्ही कष्टाने काढलेले लोह पुढे विकत घेऊन पुन्हा घालावे लागले असते.

त्यामुळे पंख्यांच्या मालासाठी उघड्या भट्टीतील लोह काढण्याची पायरी वगळली. अडचण एकट्या कथिलाची उरते, आणि तिचे उत्तर भट्टीत नसून भंगार निवडण्यात आहे.

जवळच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थी भट्टी पाहायला आले होते. काळबादेवीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट आहे, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून टायटॅनियम येथे वितळवता येईल का, असे त्यांनी विचारले. या भट्टीत येणार नाही. टायटॅनियम १,६६८ अंशांना वितळते आणि त्या अवस्थेत ग्रॅफाइटसह कोणतीही मूस खाते, म्हणून ते पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या मुशीत, निर्वातात, विजेच्या ठिणगीने वितळवतात. हैदराबादच्या मिश्र धातु निगममध्ये अशा भट्ट्या आहेत.

१२ डिसेंबर

निवडीची पद्धत ठरली. भंगार तीन ढिगांत येईल. पंखे पहिल्या ढिगात. झडपा, बुशिंग आणि पंपाची अंगे दुसऱ्या ढिगात, कारण ती बहुधा गनमेटलची असतात आणि त्यांत पाच ते दहा टक्के कथील असते. ती निर्वात भट्टीत येणारच नाहीत. गनमेटल म्हणूनच पुन्हा ओतली तर त्यांतील कथिलाचे मोलही राहते. ओळख न पटणारे सर्व तिसऱ्या ढिगात जाईल आणि स्पेक्ट्रोमीटरवर तपासल्यानंतर त्याची जागा ठरेल. पहिल्या ढिगातीलही प्रत्येक पंख्याच्या बुंध्यावर कानस मारून स्वच्छ जागी कथील मोजावयाचे, आणि ते ०.१ टक्क्याहून अधिक निघाल्यास तो पंखा बाजूला ठेवावयाचा.

मिरकरवाड्यातील दोन भंगार व्यापाऱ्यांशी बोलणे झाले. पंखे वेगळे ठेवून दिल्यास किलोमागे जास्त भाव देण्याचे आम्ही मान्य केले आहे. निकेल आणि अॅल्युमिनियम मागवले असून ते आल्यावर पहिल्या पंख्याचा साचा काका घालतील. त्यासाठीची वितळण निर्वातात न करता आर्गॉनखाली करावी लागेल की काय, हे अॅल्युमिनियमच्या पापुद्र्याचे वर्तन पाहून ठरवू.